एकच प्रत, तीही आवळलेली: लहान सर्व्हरवर जागा वाचवायची रीत

गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयाचा ऑनलाइन संग्रह मी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन तिथे बसतो, आणि एरवी कुणाचा फोन आला की बघतो. वाचनालयाची खोली चाळीतली. कपाटाला कपाट लागलेलं, वर पोटमाळा, आणि माळ्यावर सुतळीने बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे. आमचा सर्व्हरही त्याच घराण्यातला. भाड्याचा, २५ जीबी डिस्कचा, आणि वर्षातून एकदा तरी ‘जागा शिल्लक नाही’ म्हणून आडवा होणारा.

मोठी डिस्क घ्या, हा सल्ला सगळे देतात. पैसे कोणी देत नाही. म्हणून गेल्या वर्षी दुसरी वाट धरली: मजकुराच्या फाइली कॉम्प्रेस करून, म्हणजे आवळून ठेवायच्या, मूळ फाइली सर्व्हरवरून काढून टाकायच्या, आणि वाचकाला तीच कॉम्प्रेस केलेली फाइल जशीच्या तशी पाठवायची. ब्राउझर ती स्वतः उलगडतो, वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. हे काम नव्याने करणाऱ्यासाठी ही रीत लिहितो आहे. लिनक्सवर फाइल उघडून दोन ओळी लिहिता येतात एवढं गृहीत धरलंय.

कमांडबद्दल आधीच सांगतो. हे सगळं मी फोनवरून दोन-तीन जणांना सांगून झालंय, त्यामुळे इथेही कमांड कानाला ऐकू येतात तशा देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या. जिथे स्पेलिंगची गफलत होते तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

आधी बघा, जागा खाल्ली कोणी

डीएफ -एच चालवा, डिस्क किती भरली ते कळेल. मग वेबसाइटच्या फोल्डरात जाऊन डीयू -एसएच आणि पुढे तारा; कुठलं फोल्डर किती खातंय ते दिसेल. हे न करता थेट कॉम्प्रेस करायला बसू नका. निम्म्या वेळा गुन्हेगार वेबसाइट नसतेच, लॉग (सर्व्हरने लिहिलेल्या नोंदींच्या फाइली) असतात. जुने लॉग आवरणारं लॉगरोटेट नीट चालत नसेल तर ते आधी बघा. सिस्टिमच्या नोंदवहीसाठी, म्हणजे जर्नलसाठी, जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज आहे, आणि डेबियन-उबुंटूवर जुनी पॅकेजं साठली असतील तर एपीटी क्लीन. एक गंमत लक्षात असू द्या: चालू सर्व्हरची मोठी लॉग फाइल नुसती डिलीट केली तर जागा सुटत नाही. सर्व्हरने ती उघडून धरलेली असते. त्याने हात सोडला की मगच जागा मोकळी होते.

लॉग आवरूनही जागा कमीच पडत असेल तर पुढे वाचा.

काय आवळतं आणि काय आवळत नाही

जेपीईजी, पीएनजी, एमपी-फोर, वॉफ-टू फॉन्ट, झिप, वर्डची डॉकएक्स फाइल, हे सगळं आतून आधीच कॉम्प्रेस केलेलं असतं. त्यावर पुन्हा जीझिप (लिनक्सवरची फाइली आवळायची कमांड) चालवणं म्हणजे पिळून झालेला टॉवेल पुन्हा पिळणं. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच. आमच्याकडे सगळ्यात जास्त जागा पीडीएफच खात होत्या, आणि त्यांना हा उपाय लागू नाही. त्यांच्यासाठी स्कॅनचं रिझोल्यूशन कमी करणं, काळी-पांढरी पानं रंगीत न ठेवणं असे वेगळे उपाय आहेत. शिवाय पीडीएफ दाखवणारे ब्राउझर मोठ्या फाइलीतला हवा तेवढाच तुकडा मागतात. ती फाइल आवळून ठेवली तर ही सोयच जाते. पीडीएफला हात लावू नका.

आवळतो तो मजकूर: एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, जेसन, एक्सएमएल, एसव्हीजी चित्रं, साध्या टेक्स्ट फाइली. आणि त्यातही मराठी मजकूर फार छान आवळतो. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि चिन्ह म्हणजे अक्षर वेगळं, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा. ‘मुंबई’ हा शब्द घ्या. म, उकार, अनुस्वार, ब, ई अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. ते बाइट आकड्यांत असे दिसतात:

२२४ १६४ १७४
२२४ १६५ १२९
२२४ १६४ १३०
२२४ १६४ १७२
२२४ १६४ १३६

उभे वाचा. पहिला रकाना सगळा २२४. दुसऱ्यात १६४ किंवा १६५ सोडून तिसरा आकडा येतच नाही; स्वर-व्यंजनं बहुतेक १६४ च्या घरात, आणि दीर्घ ईकारापासून पुढच्या मात्रा, पाय मोडायचं चिन्ह, आकडे हे १६५ च्या घरात. खरी माहिती काय ती तिसऱ्या रकान्यात. पहिले दोन रकाने म्हणजे लोकलच्या डब्यातली उगाच अडवलेली जागा. जीझिपला हेच हवं असतं. तो मागच्या ३२ केबी मजकुरात ‘हे आधी येऊन गेलंय का’ असं शोधतो, सापडलं की ते पुन्हा न लिहिता ‘इतकं मागे जा, इतके बाइट उचल’ एवढंच नोंदवतो. एका दमात जास्तीत जास्त २५८ बाइट, म्हणजे देवनागरीची ८६ चिन्हं. उरलेल्याला तो वारंवारतेप्रमाणे लहान-मोठे सांकेतिक अंक देतो, त्यामुळे सारखा येणारा २२४ जवळपास फुकटात जातो.

म्हणून मराठी लेखाचं पान मूळच्या चौथ्या हिश्श्यावर किंवा त्याच्याही खाली आलेलं मी नेहमी बघतो. तुमच्याकडे किती होतं ते एका फाइलवर करून बघा: जीझिप -के (मूळ राखून) चालवा, मग तयार झालेल्या फाइलीवर जीझिप -एल. आधीचा आकार, नंतरचा आकार, टक्केवारी, सगळं एका ओळीत मिळतं.

एक अपवाद. यूनिकोडच्या आधीच्या काळात, खास फॉन्ट लावूनच वाचता येणारी जी पानं बनवली गेली, त्यांत एका चिन्हाला बहुधा एकच बाइट असतो. ती एवढी आवळत नाहीत. पण त्यांचं खरं दुखणं जागेचं नाहीच. फॉन्ट गेला की मजकूर गेला. आधी यूनिकोडमध्ये आणा, आवळायचं मग बघू.

चार केबीचा हिशेब

नवखा माणूस इथे फसतो. बहुतेक लिनक्स सर्व्हरवर डिस्क ४,०९६ बाइटच्या खणांत वाटलेली असते. फाइल ३,१०० बाइटची असो की १,००० ची, खण एक अख्खा अडतो. अशी फाइल आवळून कागदावर दोन-तृतीयांश बचत, डिस्कवर शून्य. उलट ४१,००० बाइटच्या पानाला ११ खण लागतात; तेच ९,००० बाइटवर आलं तर तीन. म्हणून ४ केबीपेक्षा लहान फाइलींच्या नादी लागायचं नाही. एलएस मजकुराचा आकार सांगतो आणि डीयू खणांचा. आपल्याला डीयूचं ऐकायचंय.

दोन प्रती की एक

इंटरनेटवर या विषयाचं बहुतेक मार्गदर्शन वेग वाढवण्यासाठी लिहिलेलं असतं. त्यात सांगतात, मूळ फाइल ठेवा आणि शेजारी तिची .जीझेड, म्हणजे जीझिपने आवळलेली, प्रतही ठेवा. जुना ब्राउझर आला तर मूळ द्या, नवा आला तर.जीझेड. वेगासाठी हे ठीकच आहे. पण जागेच्या दृष्टीने तुम्ही माळ्यावर आणखी एक गठ्ठा चढवलात. आपल्याला उलटं करायचंय: ठेवायची ती फक्त .जीझेड. मग प्रश्न उरतो, ज्याला .जीझेड समजत नाही त्याचं काय? त्याला सर्व्हर जागेवर उलगडून देईल. असे लोक इतके थोडे की प्रोसेसरला त्याचा भार जाणवतही नाही.

एन्जिनएक्स (एन, जी, आय, एन, एक्स) म्हणजे सर्व्हरवरून वाचकाला पानं पाठवणारा प्रोग्राम. त्यात यासाठीच दोन सोयी आहेत, जीझिप_स्टॅटिकचा ‘ऑलवेज’ पर्याय आणि गनझिप, आणि त्या जोडीने वापरायच्या असतात. त्या २०१२ सालच्या १.३.६ आवृत्तीत आल्या, त्यामुळे आज तुमच्याकडे जी कुठली आवृत्ती असेल तिच्यात मिळायला हरकत नाही. फक्त मूळ सोर्सवरून बनवताना त्या मुद्दाम मागाव्या लागतात, म्हणून तपासून घ्या: एन्जिनएक्स -व्ही (कॅपिटल व्ही) चालवलं की लांबलचक यादी येते, तिच्यात जीझिप_स्टॅटिक आणि गनझिप ही दोन्ही नावं दिसली पाहिजेत. डेबियन आणि उबुंटूच्या तयार पॅकेजमध्ये असतात.

सेटिंग

साइटची कॉन्फिग फाइल उघडा, आधी तिची एक प्रत बाजूला काढून ठेवा, आणि सर्व्हर या शब्दाच्या महिरपी कंसात या ओळी घाला:

जीझिप_स्टॅटिक ऑलवेज;
गनझिप ऑन;
जीझिप_व्हेरी ऑन;
जीझिप_प्रॉक्सीड एनी;

गनझिप म्हणजे जी, यू, एन, झेड, आय, पी. फोनवर सांगितलं की प्रत्येक जण आधी ‘अनझिप’ लिहितो. ओळीच्या शेवटचा अर्धविराम विसरायचा नाही.

पहिल्या ओळीतला ‘ऑलवेज’ महत्त्वाचा. तिथे नुसतं ‘ऑन’ लिहिलं तर सर्व्हर समोरच्याला विचारून .जीझेड देतो, आणि त्याला चालत नसेल तर मूळ फाइल शोधायला जातो, जी आपण काढून टाकलेली आहे. ‘ऑलवेज’ म्हणजे विचारायचंच नाही, .जीझेड असेल तर तीच उचल. नसेल तर साधी फाइल दे. त्यामुळे फोटो आणि पीडीएफ पूर्वीसारखेच जात राहतात, त्यांच्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही.

दुसरी ओळ ज्याला .जीझेड समजत नाही त्याच्यासाठी. तिसरी ओळ वाटेत पानांच्या प्रती साठवून ठेवणाऱ्या मधल्या कॅशसाठी: ‘हे उत्तर मागणाऱ्याप्रमाणे बदलतं’ अशी चिठ्ठी उत्तराला जोडली जाते. नाहीतर एकाला दिलेली आवळलेली प्रत मधली कॅश दुसऱ्याला, ज्याला ती समजत नाही त्याला, खपवू शकते. चौथी ओळ तुमच्यापुढे सीडीएन किंवा प्रॉक्सी असेल तर लागते. विनंती अशा मध्यस्थाकडून आल्याची खूण दिसली की एन्जिनएक्स मुळात कॉम्प्रेशन नाकारतो, म्हणजे आपली फाइल दर वेळी उगाच उलगडून पाठवली जाईल.

बदल केल्यावर एन्जिनएक्स -टी चालवून कॉन्फिगमध्ये चूक नाही ना ते बघा आणि मग सिस्टिमसीटीएल रीलोड एन्जिनएक्स. क्रम उलटा करू नका.

माझी फजिती, म्हणजे ट्राय_फाइल्स

पहिल्या वेळी मी एवढंच केलं, एका फोल्डरवर जीझिप चालवलं, दोन पानं माझ्या ब्राउझरमध्ये बघितली, छान दिसली, लॅपटॉप मिटला आणि चर्नी रोडला बोरिवली स्लो पकडली. ती दोन पानं ब्राउझरने त्याच्या कॅशमधून दाखवली होती. दादर यायच्या आत कार्यवाह नानांचा फोन.

“अरे, मुखपृष्ठच उघडत नाहीये. फोर-झीरो-थ्री म्हणतंय. आणि आतले लेख फोर-झीरो-फोर.”

“नाना, घरी पोचलो की बघतो.”

“घरी काय बघतोस? ठाण्याहून एक बाई पीएचडीसाठी संदर्भ काढतायत, त्या लाइनवर आहेत.”

दारातल्या गर्दीत एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हाताने मोबाइलवर एसएसएच करणं मी कुणाला सुचवणार नाही. माहीमच्या पुढे रेंज गेली, वांद्र्याला परत आली, आणि अंधेरीला मी सरळ उतरून बाकड्यावर बसलो. चुका दोन होत्या, दोन्ही तुमच्याकडूनही होणार आहेत. (४०४ म्हणजे पान सापडलं नाही, ४०३ म्हणजे बघायला मनाई.)

पहिली: डेबियन-उबुंटूच्या तयार कॉन्फिगमध्ये ट्राय_फाइल्सने सुरू होणारी एक ओळ असते, शेवटी बरोबरचं चिन्ह आणि ४०४. ती ओळ फाइल द्यायच्या आधी ‘या नावाची फाइल खरंच आहे का’ असं डिस्कवर बघून येते. ती बघते मूळ नाव. मूळ तर आपण काढून टाकलं, तिथे आहे .जीझेड. ‘नाही’ म्हणून ती ४०४ देऊन मोकळी होते. जीझिप_स्टॅटिकपर्यंत गाडी पोचतच नाही. साधी स्थिर पानांची साइट असेल तर ही ओळ काढून टाका. फाइल नसेल तिथे एन्जिनएक्स तिच्याशिवायही ४०४ देतोच. आत पीएचपी वगैरे चालत असेल तर मात्र ती ओळ कामाची असते. तिथे स्थिर पानांच्या फोल्डरापुरता वेगळा लोकेशन विभाग करा.

दुसरी: पत्त्याच्या शेवटी नुसती तिरपी रेघ असली की सर्व्हर त्या फोल्डरातली इंडेक्स फाइल शोधतो, आणि तेही मूळ नावानेच. इंडेक्स.एचटीएमएल.जीझेड त्याला दिसत नाही, मग ४०३. याला उपाय सरळ आहे. इंडेक्स नावाच्या फाइली आवळूच नका. शंभर फोल्डर असले तरी शंभरच फाइली, त्यांच्यात कितीशी जागा जाणार!

आता फाइली आवळा

सर्व्हरवर थेट न करता घरच्या कॉम्प्युटरवर साइटची प्रत घेऊन करा. कारण सांगतो. जीझिप नवी फाइल शेवटच्या नावानेच लिहायला घेतो. तेवढ्यात कुणी ते पान मागितलं तर अर्धीच फाइल जाते. घरी करून आरसिंकने (फाइली एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेणारी कमांड) चढवलं तर आरसिंक आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण फाइल उतरवतो आणि मग नाव बदलतो, त्यामुळे वाचकाला अर्धं पान मिळत नाही. दुसरं कारण, आवळायच्या प्रतीशिवाय मूळ फाइलींची एक प्रत वेगळी ठेवली की त्या तुमच्या घरी राहतातच. सर्व्हर हे वाचकांना वाढायचं ताट आहे, कोठार नव्हे.

फाइंड कमांडला इतकं सांगायचं: फक्त फाइली (-टाइप एफ), नाव एचटीएमएल, सीएसएस, जेएस, जेसन, एक्सएमएल, एसव्हीजी किंवा टीएक्सटीने संपणारं, इंडेक्स.एचटीएमएल नसलेलं; आकार ४ केबीच्या वर (-साइज +४के); आणि सापडेल त्याच्यावर जीझिप -९एनएफ. पहिल्यांदा जीझिपऐवजी नुसतं -प्रिंट लावून यादी डोळ्यांखालून घाला. त्या यादीत रोबोट्स.टीएक्सटी किंवा डोमेनच्या मालकीची खूण असलेली एखादी फाइल आली असेल तर ती वगळा. चालायला तीही चालेल, पण अशा फाइलींशी खेळ कशाला.

-९ म्हणजे सगळ्यात जास्त मेहनत. नेहमीच्या -६ पेक्षा फरक थोडाच पडतो, पण हे काम एकदाच करायचं आहे, तेव्हा होऊ दे. एन मुळे फाइलीच्या आत जुनं नाव आणि वेळ लिहिली जात नाही, म्हणजे तोच मजकूर पुन्हा आवळला तर बाइट-बाइट तीच फाइल मिळते. बॅकअपला हे बरं पडतं. डिस्कवरची फाइलीची तारीख मात्र जीझिप मूळचीच राखतो, ती बदलू देऊ नका.

एफ ची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. मी आधी तो लावला नव्हता. एका लेखात कवीच्या नावातला र्‍हस्व-दीर्घ चुकला होता. नानांनी दुरुस्त पान पाठवलं, मी चढवलं, रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा प्रोग्राम) जीझिप चालवलं. सकाळी नाव तसंच चुकलेलं. पुन्हा चढवलं, पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी नाना म्हणाले, “तुझा सर्व्हर शुद्धलेखन मानत नाही वाटतं.” झालं असं की त्या नावाची जुनी .जीझेड तिथे होतीच. आधीची फाइल असेल तर जीझिप ‘वर लिहू का?’ विचारतो, आणि क्रॉनमध्ये उत्तर द्यायला कोणी नसल्याने ती तशीच सोडून पुढे जातो. आता एकाच पानाच्या दोन फाइली: दुरुस्त मूळ आणि चुकीची .जीझेड. ‘ऑलवेज’मुळे वाचकाला मिळत राहिली चुकीची. एफ लावला की तो न विचारता वर लिहितो. आणि घरी आवळून फक्त .जीझेडच चढवली तर हा गोंधळ मुळातच होत नाही.

दोन लहान गोष्टी. सिम्लिंक म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी नुसती खूण. -टाइप एफ मुळे ती वगळली जाते, पण ती ज्या फाइलीकडे बोट दाखवते ती आवळली गेली की बोट हवेत राहतं. साइटमध्ये सिम्लिंक असतील तर आधी फाइंड -टाइप एल ने शोधून ठेवा. आणि ज्यांना घरी शक्य नाही, भरलेल्या सर्व्हरवरच करावं लागतंय, त्यांनी थोडी जागा आधी रिकामी करा. जीझिप नवी फाइल पूर्ण झाल्यावरच जुनी काढतो, म्हणजे निदान एका फाइलीपुरती जागा त्याला लागते.

सगळं झालं की जीझिप -टी सगळ्या .जीझेडवर चालवा. प्रत्येक फाइलीच्या शेपटीला मूळ मजकुराची तपासणी-बेरीज असते. ती जुळली तर तो गप्प राहतो. गप्प राहिला म्हणजे ठीक. मग .जीझेड चढवा आणि सर्व्हरवरच्या त्यांच्या मूळ फाइली काढून टाका, नाहीतर जागा सुटणारच नाही.

तपासणी, ब्राउझरवर विश्वास न ठेवता

ब्राउझर कॅशमधून दाखवून फसवतो, ते वर आलंच. टर्मिनलमधून पान मागवणारी कर्ल ही कमांड वापरा. कर्ल स्वतःहून कॉम्प्रेशन मागत नाही, म्हणून तो आपला ‘जुना वाचक’ झाला.

कर्ल -एस आणि पत्ता, पुढे पाइप आणि हेड. मराठी मजकूर वाचता आला तर गनझिप काम करतंय. कचरा दिसला तर ती ओळ राहिली किंवा ‘अनझिप’ झाली.

मग कर्ल -आय (कॅपिटल आय) --कॉम्प्रेस्ड आणि पत्ता. उत्तरात कंटेंट-एन्कोडिंग: जीझिप ही ओळ हवी, आणि कंटेंट-टाइपमध्ये टेक्स्ट/एचटीएमएल हवं. तिथे ऑक्टेट-स्ट्रीम आलं तर तुम्ही बहुधा पत्त्याच्या शेवटीच .जीझेड लिहिलंय. ते लिहायचं नसतं. वाचकाने नेहमीचाच पत्ता वापरायचा, कुठलीही लिंक बदलायची नाही.

शेवटी एक फोटो, एक पीडीएफ, मुखपृष्ठ, आणि जे नाही असं एक पान, या चारही गोष्टी मागून बघा. मग डीयू -एसएच, आणि आधीच्या आकड्याशी ताडा.

अपाचीवाल्यांसाठी

होतं, पण जास्त खटपट आहे. रीराइटचे नियम लिहून विनंती .जीझेडकडे वळवायची, अ‍ॅडएन्कोडिंगने ती जीझिप असल्याचं सांगायचं, आणि प्रत्येक प्रकाराला कंटेंट-टाइप आपण लावायचा, नाहीतर ब्राउझर पान दाखवण्याऐवजी डाउनलोड करतो. अपाचीच्या मॉड_डिफ्लेटच्या कागदपत्रांत याचा नमुना आहे. पण तो दोन प्रती गृहीत धरतो. निव्वळ एका प्रतीवर राहायचं असेल तर मी एन्जिनएक्सकडेच जाईन.

ब्रॉटली का नाही?

हा प्रश्न हमखास येतो. ब्रॉटली ही आवळायची नवी पद्धत, आणि ती जीझिपपेक्षा चांगलं आवळते यात वाद नाही. पण आपला डाव एकाच प्रतीवर आहे, आणि ब्रॉटलीची फाइल न समजणाऱ्याला जागेवर उलगडून देणारी गनझिपसारखी सोय एन्जिनएक्समध्ये नाही. ब्राउझरही ब्रॉटली फक्त एचटीटीपीएसवर मागतात. जीझिप १९९२ पासून आहे, आणि त्याचं नाव न ऐकलेला क्लायंट शोधावा लागेल. आणखी थोडी जागा पिळायचीच असेल तर गूगलने २०१३ मध्ये आणलेलं झॉपफ्ली बघा. ते .जीझेडच बनवतं, वर सेटिंगमध्ये एक अक्षर बदलावं लागत नाही, आणि गूगलच्याच म्हणण्याप्रमाणे ३ ते ८ टक्के जास्त बचत होते. पण वेळ जीझिपच्या कित्येक पट घेतं. रात्री लावून झोपा.

डिस्कच बीटीआरएफएस किंवा झेडएफएसवर असेल तर फाइल सिस्टिम स्वतःच कॉम्प्रेस करू शकते आणि यातलं काहीच करावं लागत नाही. भाड्याच्या स्वस्त सर्व्हरवर मात्र बहुधा ईएक्सटी-फोर मिळते, आणि तिच्यात ती सोय नाही.

नंतरची देखभाल

नवा अंक आला की घरच्या प्रतीत पानं घालायची, फाइंड-जीझिप चालवायचं, आरसिंकने चढवायचं. मी या तिन्ही गोष्टी एका स्क्रिप्टमध्ये ठेवल्यात. पानात एसएसआयने मध्येच काही घुसवत असाल, किंवा सब_फिल्टरने शब्द बदलत असाल, तर ती पानं आवळू नका; आवळलेल्या बाइटांत सर्व्हरला शब्द सापडत नाहीत.

आवळलेल्या फाइलींत शोध घ्यायला त्या सोडाव्या लागत नाहीत. परवा नानांनी विचारलं, एका कवयित्रीचं नाव नक्की कुठल्या कुठल्या अंकांत आलंय. झेडग्रेप -एल, ते नाव, आणि सगळ्या .जीझेड फाइली. चहा यायच्या आत यादी हातात होती. नानांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, “यातले दोन माळ्यावर आहेत. वर तूच चढ.”